दप्तरी मालक : परदेशी कंपनीची नोकरी आणि देशी कायदा

नोकरी हा दोन पक्षांमधील संबंध आहे, हे गृहीत धरूनच मालक-नोकर-विषयक कायद्याची इमारत उभी राहिली. एकाने काम सांगावयाचे व वेतन द्यावयाचे, दुसऱ्याने काम करावयाचे व वेतन घ्यावयाचे, असा हा सरळ व्यवहार होय. मध्ये मुकादम, दलाल वा कंत्राटदार आला, तरी त्याच्या आडून खरा मालक कोण ते हुडकून काढणे हेच न्यायालयाचे काम, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. परंतु गेल्या काही दशकांत एका निराळ्या प्रकारच्या मध्यस्थाचा उदय झाला आहे. तो काम मिळवून देत नाही, माणसाची निवड करीत नाही, कामावर देखरेखही ठेवीत नाही. तो केवळ मालक म्हणून दप्तरात आपले नाव लावतो. इंग्रजी व्यवहारात त्याला ‘एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड’ म्हणतात. मराठीत त्याला ‘दप्तरी मालक’ म्हणणे अन्वर्थक ठरेल.

व्यवहार असा घडतो. रॉटरडॅम येथील एखाद्या कंपनीस पुण्यातील एका संगणक-अभियंत्याची सेवा हवी आहे. तिने त्याची मुलाखत घेतली, वेतन ठरविले, कामही नेमून दिले. परंतु भारतात तिची ना शाखा, ना उपकंपनी. तेव्हा भारतात नोंदलेल्या एका दप्तरी मालकाशी ती करार करते. तो मालक अभियंत्यास नेमणूकपत्र देतो, दरमहा वेतन देतो, त्यातून आयकर कापून सरकारात भरतो, भविष्यनिर्वाह निधीची वर्गणी भरतो, आणि महाराष्ट्रातील व्यवसायकराचे दरमहा २०० व फेब्रुवारीत ३००, मिळून वर्षाचे २,५०० रुपयेही कापून घेतो. हा सारा खर्च, वर आपले शुल्क, तो रॉटरडॅमकडून वसूल करतो. अशा रीतीने दोन करार होतात : एक कंपनी व दप्तरी मालक यांच्यातील सेवेचा, दुसरा दप्तरी मालक व अभियंता यांच्यातील नोकरीचा. ज्या दोघांत काम प्रत्यक्ष चालते, त्या कंपनीत आणि अभियंत्यात मात्र कोणताच करार नसतो. या लेखाचा सारा विषय त्या न झालेल्या करारातून उद्भवतो.

परदेशी कंपनी हा आडमार्ग का धरते, याचे उत्तर अवघड नाही. भारतात उपकंपनी स्थापावयाची तर २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे निदान एक संचालक आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात राहिलेला असावा लागतो. संचालक-मंडळाच्या सभा, लेखापरीक्षण, वार्षिक विवरणपत्रे हे सर्व ओघानेच येते. संपर्क-कार्यालय काढावयाचे तर परकीय चलनविषयक कायद्याखाली परवानगी घ्यावी लागते, आणि परवानगी मिळूनही अशा कार्यालयास कमाई करता येत नाही. दोन-तीन माणसांसाठी एवढा संसार मांडणे परवडत नाही. आणि मांडलेला संसार मोडणे हे तो मांडण्याहून वेळखाऊ असते, हे व्यापाऱ्यांना अनुभवाने ठाऊक आहे. दुसरा मार्ग म्हणजे अभियंत्यास नोकर न म्हणता स्वतंत्र व्यावसायिक म्हणणे व त्याने पाठविलेले बिल चुकते करणे. हा मार्ग स्वस्त खरा. पण त्यात निधी नाही, उपदान नाही, हक्काची रजा नाही, आणि उद्या वाद उपस्थित झाल्यास दाद मागावयाची ती सातासमुद्रापलीकडच्या प्रतिवादीविरुद्ध. त्या मानाने दप्तरी मालकाची योजना नोकराच्या हिताची आहे, हे तिच्या टीकाकारांनीही मान्य केले पाहिजे. या भूमीवर, येथील न्यायालयाच्या हुकमतीत, एक तरी ऋणको तिच्यामुळे उभा राहतो.

काही देशांनी चौथा मार्गही मोकळा ठेवला आहे. फ्रान्समध्ये आस्थापना नसलेल्या परदेशी मालकासही तेथील सामाजिक विम्याच्या यंत्रणेकडे नाव नोंदवून थेट नोकर ठेवता येतो. युरोपीय संघाच्या २००९ च्या नियमावलीप्रमाणे, मालकाची सभासद-देशात कचेरी नसली, तर परस्पर संमतीने नोकरानेच मालकाच्या वतीने विम्याच्या वर्गण्या भराव्यात अशी सोय आहे. जेथे हा सरळ मार्ग उपलब्ध आहे तेथेही दप्तरी मालकाचा धंदा चालतोच. यावरून त्याचे गिऱ्हाईक केवळ कायद्याच्या अडचणीमुळे येत नाही, परक्या देशाच्या दप्तराच्या धास्तीनेही येते, असे अनुमान काढावयास हरकत नाही.

ही कल्पना दिसते तेवढी नवीन नाही. चीनने परदेशी व्यापारास दारे उघडली तेव्हा १९८० च्या नियमांनी असे ठरविले की, परदेशी कंपनीच्या प्रतिनिधी-कार्यालयाने चिनी माणूस स्वतः नेमावयाचा नाही; सरकारने नेमून दिलेल्या सेवा-संस्थेमार्फतच तो घ्यावयाचा. बीजिंगमध्ये अशी संस्था १९७९ मध्येच निघाली होती. दुभाषी, टंकलेखक, मोटारचालक हे सर्व त्या संस्थेचे नोकर. बसावयाचे मात्र परदेशी कंपनीच्या कचेरीत. पुढे २०१४ च्या नियमांनी, कोणत्याही मालकाने आपल्या एकूण नोकरवर्गाच्या १० टक्क्यांहून अधिक माणसे अशा संस्थांकडून घेऊ नयेत असे बंधन घातले. त्यातून प्रतिनिधी-कार्यालये मात्र वगळली. आणि ते क्रमप्राप्तच होते, कारण त्यांना दुसरा मार्गच नव्हता. अन्य देशांत व्यापाऱ्यांनी सोयीसाठी जे शोधून काढले ते चीनमध्ये राज्यसंस्थेने सक्तीने निर्माण केले, आणि दोन्ही ठिकाणी रचना तीच निघाली.

याच्या उलट टोकाला फ्रान्सचा इतिहास आहे. १८४८ च्या क्रांतीनंतर अवघ्या काही दिवसांत, २ मार्च रोजी, हंगामी सरकारने एक हुकूमनामा काढून मजुरांच्या श्रमावर मधल्या मध्ये नफा काढणाऱ्या मुकादमांची पद्धत रद्द केली. श्रम ही भाड्याने देण्याची वस्तू नव्हे, हे तत्त्व तेव्हापासून फ्रेंच श्रमकायद्यात टिकून आहे. केवळ नफ्यासाठी दुसऱ्यास मनुष्यबळ पुरविणे हा तेथे आजही, परवानगी असलेले प्रकार वगळता, गुन्हा आहे. मुंबईच्या गिरण्यांतील जॉबरची ज्यांना माहिती आहे त्यांना या निर्बंधामागची चीड समजण्यास कष्ट पडू नयेत. भरती त्याच्या हाती, बदली त्याच्या हाती, आणि दोहोंबद्दल दस्तुरी घेण्याचा रिवाजही त्याचाच. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शाही श्रम-आयोगाच्या अहवालाने या पद्धतीवर कडक टीका केली होती. मात्र जॉबर व दप्तरी मालक यांत एक मूलभूत भेद आहे. जॉबरपाशी सत्ता होती, पण जबाबदारी नव्हती. दप्तरी मालकापाशी जबाबदारी आहे, पण सत्ता नाही. आंतरराष्ट्रीय श्रम-संघटनेने १९९७ मध्ये खासगी नियोजन-संस्थांविषयी जो संकेत संमत केला, त्याने त्रयस्थाच्या उपयोगासाठी माणसे नोकरीस ठेवणाऱ्या संस्थेला प्रथमच अधिकृत ओळख दिली, आणि नोकराकडून शुल्क घेण्यास सामान्यतः मनाई केली. या मनाईने जॉबरच्या दस्तुरीचा प्रश्न मिटतो. सत्ता आणि जबाबदारी यांच्या फारकतीचा मिटत नाही.

आता भारतीय कायद्याच्या दृष्टीने मूळ प्रश्नाकडे वळावयास हवे : पुण्यातील त्या अभियंत्याचा मालक कोण?

या प्रश्नाचा सर्वोच्च न्यायालयातील प्रवास मिठागरापासून सुरू होतो. ध्रांगध्रा केमिकल वर्क्सच्या १९५६ मधील निर्णयात, मीठ पिकविणारे अगरिये हे स्वतंत्र कंत्राटदार की कामगार, हा वाद होता. काय काम करावयाचे एवढेच नव्हे, तर ते कसे करावयाचे हेही सांगण्याचा अधिकार ज्याला आहे तो मालक, ही कसोटी न्यायालयाने तेथे लावली व अगरिये हे कामगार ठरविले. १९७३ मध्ये सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसच्या प्रकरणात शिंप्यांचा प्रश्न आला. कुशल कारागिराला कसे शिवावे हे दुकानदार सांगत नाही. म्हणून नियंत्रण ही एकमेव कसोटी मानता येणार नाही, शिवणयंत्र कोणाचे, जागा कोणाची, नापसंत काम परत करण्याचा अधिकार कोणाचा, हे सर्व एकत्र पाहिले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. पाच वर्षांनी हुसेनभाई प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याही पुढे जाऊन, ज्याच्या हाती कामगारांच्या उपजीविकेच्या नाड्या आहेत तो खरा मालक, मधल्या कंत्राटदारांचा पडदा दूर सारून त्यालाच पाहावे, असा निर्वाळा दिला. २००१ मध्ये स्टील ऑथॉरिटीच्या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हा ओघ काहीसा आवरला. कंत्राटी पद्धत बंद केली म्हणजे कामगार आपोआप मूळ मालकाचे नोकर होतात, हे मत त्या पीठाने नाकारले. परंतु कंत्राट निव्वळ देखावा असेल तर ते बाजूला सारण्याचा मार्ग मोकळाच ठेवला. देखावा कशावरून ओळखावा, याच्या खुणा २०१४ च्या बलवंतराय सलुजा प्रकरणात एकत्र सांगितल्या आहेत : नेमणूक कोण करतो, वेतन कोण देतो, बडतर्फीचा व शिस्तभंगाचा अधिकार कोणाचा, सेवेत सातत्य आहे काय, आणि नियंत्रण व देखरेख किती व कशी.

या खुणा दप्तरी मालकाच्या योजनेस लावून पाहिल्या तर उत्तर दुभंगते. नेमणूकपत्र, वेतन व बडतर्फीचे पत्र दप्तरी मालकाचे. निवड, कामाची वाटणी, गुणवत्तेचे मूल्यमापन आणि बडतर्फीचा निर्णय परदेशी कंपनीचा. अभियंत्याची विरोपपेटी उघडली तर तीत रॉटरडॅमची शेकडो पत्रे सापडतील. दप्तरी मालकाची वर्षातून बारा वेतनचिठ्ठ्या व एक कर-प्रमाणपत्र एवढीच. आपल्या करारात ‘नियंत्रणाचा सर्व अधिकार नियोक्त्याकडे राहील’ असे वाक्य घालून दप्तरी मालक स्वतःचे समाधान करून घेतात. न्यायालये अशा वाक्यांना किती मान देतात हे वरील निर्णयांवरून उघड आहे.

तथापि एक अडचण कायद्याच्याच रचनेत आहे. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा असो, की २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा घेणारी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० असो, दोहोंच्या डोळ्यांसमोर एक कारखाना किंवा कचेरी आहे. तिला फाटक आहे, हजेरीपट आहे, आणि कंत्राटदाराची माणसे त्या फाटकातून आत येऊन मूळ मालकाचे काम करतात. येथे मूळ मालकाचे फाटक या देशात नाहीच. अभियंता कोथरूडमधील आपल्या घरात बसून काम करतो. शिवाय नव्या संहितेने ‘कंत्राटी कामगार’ या व्याख्येतून कंत्राटदाराचे असे नोकर वगळले आहेत, की ज्यांची नोकरी नियमित असून त्यांना ठराविक वेतनवाढ, सामाजिक सुरक्षा व अन्य लाभ मिळतात. दप्तरी मालकाचा नोकर बहुधा याच वर्गात पडेल. अर्थात् आस्थापनेच्या मुख्य कार्यासाठी कंत्राटी कामगार न वापरण्याचा जो निर्बंध संहितेत आहे, तो या व्यवहारास सहजी लागू होणार नाही. कायदा करताना हा व्यवहार कोणाच्या मनात होता असे दिसत नाही, आणि म्हणूनच तो मोकळा सुटला.

कराच्या क्षेत्रात हाच प्रश्न निराळ्या वेषात येतो. परदेशी कंपनीच्या व्यापारी नफ्यावर भारताने कर केव्हा घ्यावा? दुहेरी कर टाळण्याच्या करारांनुसार, तिची येथे ‘स्थायी आस्थापना’ असेल तर. दप्तरी मालक मध्ये ठेवला की स्थायी आस्थापना उद्भवत नाही, असा एक समज या धंद्यात पसरला आहे. तो चुकीचा आहे. करारांचे शब्द नेमणूकपत्रावर कोणाची सही आहे हे विचारीत नाहीत. कंपनीच्या स्वाधीन असलेली निश्चित जागा येथे आहे काय, किंवा तिच्या वतीने करार करण्याचा परिपाठ असलेला, तिच्यावर अवलंबून असणारा प्रतिनिधी येथे आहे काय, हे ते पाहतात. म्हणून आज्ञावली लिहिणारा अभियंता व गिऱ्हाइकांशी सौदे पक्के करणारा विक्रेता यांच्यात कराच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचे अंतर आहे. दोघांचे वेतन एकाच दप्तरातून निघत असले तरी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या ई-फंड्स निर्णयात, भारतातील नोकर परदेशी कंपनीचे काम करतात एवढ्यावरून त्यांची जागा तिच्या स्वाधीन होत नाही, असे सांगितले. तर २०२५ मधील हयात इंटरनॅशनलच्या प्रकरणात, जागेवर अनन्य ताबा असण्याची गरज नाही, प्रत्यक्ष व्यवहारात चालणारे नियंत्रण पुरेसे होऊ शकते, असे म्हटले. घरी बसून काम करणाऱ्यांविषयी आर्थिक सहकार्य व विकास संघटनेनेही नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या आदर्श कराराच्या भाष्यात भर घातली. बारा महिन्यांत कामाच्या निम्म्याहून कमी वेळ त्या घरातून काम झाले, तर ते घर सामान्यतः कंपनीची व्यवसायाची जागा मानू नये, अन्यथा तेथून काम करण्यास काही व्यापारी कारण आहे काय ते पाहावे, असा त्या भाष्याचा रोख आहे. भारत त्या संघटनेचा सभासद नाही. पण आपल्या न्यायालयांतील युक्तिवादांत त्या भाष्याचा उल्लेख नेहमी होत आला आहे.

मालक कोण, या प्रश्नास करविषयक न्यायनिर्णयांत मिळालेली उत्तरे ताडून पाहण्याजोगी आहेत. मॉर्गन स्टॅन्लेच्या २००७ मधील निर्णयात मुंबईच्या सेवा-कंपनीत अमेरिकेहून पाठविलेल्या माणसांचा प्रश्न होता. पाठविलेल्या माणसाचा मूळ नोकरीवरील हक्क अमेरिकेत शाबूत आहे, तेव्हा तो अमेरिकन कंपनीचाच नोकर राहतो व त्याच्यामुळे तिची सेवा-स्वरूपाची स्थायी आस्थापना येथे निर्माण होते, असे न्यायालयाने धरले. १९ मे २०२२ रोजी नॉर्दर्न ऑपरेटिंग सिस्टिम्सच्या प्रकरणात पुन्हा तोच प्रसंग सेवाकराच्या संदर्भात आला. बंगळूरच्या कंपनीचे म्हणणे असे की, परदेशातून आलेली माणसे येथे असेतोवर आमचीच नोकर, त्यांचे परदेशात दिले जाणारे वेतन आम्ही केवळ भरून देतो. न्यायालयाने ते मानले नाही. दैनंदिन नियंत्रण बंगळूरकडे असले, तरी वेतनाचा व सेवेचा मूळ धागा परदेशात आहे; म्हणून परदेशी कंपनीच मालक, आणि हा व्यवहार म्हणजे मनुष्यबळ-पुरवठ्याची करपात्र सेवा होय, असा निष्कर्ष निघाला. या निर्णयानंतर सर्वत्र नोटिसा निघू लागल्या, तेव्हा प्रत्येक प्रकरणातील करार व वस्तुस्थिती पाहावी, निर्णय यांत्रिकपणे लावू नये, अशी सूचना केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळास डिसेंबर २०२३ मध्ये द्यावी लागली.

दप्तरी मालकाची योजना ही या प्रकरणाची उलटी प्रतिमा आहे. तेथे वेतन परदेशात व नियंत्रण येथे होते. येथे वेतन येथे व नियंत्रण परदेशात आहे. नॉर्दर्न ऑपरेटिंगच्या तर्काने गेल्यास वेतनाचा धागा ज्याच्या हाती तो, म्हणजे दप्तरी मालक, हाच मालक ठरतो. हुसेनभाईच्या तर्काने गेल्यास उपजीविकेची नाडी ज्याच्या हाती ती परदेशी कंपनी मालक ठरते. दोन्ही निर्णय सर्वोच्च न्यायालयाचेच. वस्तुतः यात विसंगती नाही. ‘मालक’ हा शब्द सर्व कायद्यांत एकच असला, तरी प्रत्येक कायदा तो निराळ्या हेतूने वापरतो : श्रमकायदा दुर्बळाच्या रक्षणासाठी, करकायदा महसुलासाठी. मात्र परदेशी कंपनीच्या वकिलापुढे पेच राहतोच. श्रम-न्यायाधिकरणापुढे ‘आमचे काहीही नियंत्रण नव्हते’ असे सांगावे, तर स्वतःच्याच गुप्ततेच्या व स्वामित्वाच्या दाव्यांना बाध येतो. आणि नियंत्रण मान्य करावे, तर मालकीची व कदाचित् कराची जबाबदारी अंगावर येते.

स्वामित्वाचा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो, पण धोका सर्वांत अधिक तेथेच लपलेला आहे. १९५७ च्या लेखाधिकार कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे, नोकरीच्या ओघात निर्माण झालेल्या कृतीचा पहिला स्वामी, उलट करार नसल्यास, मालक असतो. संगणकाची आज्ञावली या कायद्याने साहित्यकृतीत मोडते. मालक म्हणजे येथे दप्तरी मालक. कारण सेवासंविदा त्याच्याशी आहे. तेव्हा अभियंत्याने वर्षभर खपून लिहिलेली आज्ञावली, ज्या कंपनीने तिचे सर्व मूल्य मोजले तिची न होता, तिचा एक अक्षरही अर्थ न कळणाऱ्या दप्तरी मालकाची होते. ती परदेशी कंपनीकडे लेखी अभिहस्तांतरणानेच जाऊ शकते. आणि येथे १९ वे कलम आडवे येते. हस्तांतरण-लेखात मुदत सांगितली नसेल तर ती पाच वर्षे समजावी. प्रदेश सांगितला नसेल तर हस्तांतरण केवळ भारतापुरते समजावे. आणि घेणाऱ्याने हक्काचा वापर एका वर्षात केला नाही, तर लेखात अन्यथा म्हटलेले नसल्यास तो हक्क मावळतो. परदेशी नमुन्यावरून उतरून काढलेल्या करारात ‘सर्व हक्क कंपनीकडे जातील’ एवढेच मोघम वाक्य असते. अशा वाक्याने रॉटरडॅमच्या कंपनीस मिळते ते आपल्याच आज्ञावलीचे पाच वर्षांपुरते स्वामित्व, तेही केवळ भारतात, हॉलंडात नव्हे. शोधांच्या बाबतीत १९७० च्या पेटंट कायद्याचे ३९ वे कलमही ध्यानात ठेवावे लागते. भारतात राहणाऱ्या व्यक्तीस पूर्वपरवानगीवाचून आपल्या शोधासाठी प्रथम परदेशात अर्ज करता येत नाही. निदान भारतात अर्ज करून सहा आठवडे जावे लागतात. कंपनीचा वकील हॉलंडात बसून नित्याच्या सवयीने अर्ज दाखल करतो, आणि दोष मात्र भारतीय कायद्याखाली घडलेला असतो.

नोकरी सुटल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ नये, ही अट परदेशी कंपन्या आग्रहाने घालतात. तिच्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. १८७२ च्या संविदा कायद्याच्या २७ व्या कलमाने ती निरर्थक ठरते. कल्याणनजीकच्या सेंच्युरी रेयॉनमधील गोलिकरी यांच्या १९६७ च्या सुप्रसिद्ध प्रकरणात अशी अट मान्य झाली, ती करारातील सेवाकाल चालू असतानाच्या मुदतीपुरती. दप्तरी मालकाच्या बाबतीत तर तिला विनोदी रूप येते. कारण ज्याच्याशी करार आहे त्याचा धंदा वेतनचिठ्ठ्या काढण्याचा, आणि त्या धंद्यात स्पर्धा करण्याचा अभियंत्याचा विचार स्वप्नातही नसतो.

नोकराच्या दृष्टीने खरा कळीचा प्रश्न सेवेच्या सातत्याचा आहे. उपदानाचे उदाहरण घेतल्यास तो स्पष्ट होईल. १९७२ च्या कायद्याने घालून दिलेले गणित २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही कायम ठेवले आहे : मासिक वेतनास २६ ने भागून १५ ने गुणावे, व आलेली रक्कम सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी द्यावी. उपदानासाठी धरावयाचे वेतन ५२,००० रुपये असेल तर वर्षाचे ३०,००० रुपये होतात, आणि सहा वर्षांच्या सेवेचे १,८०,०००. पण हा हक्क, मृत्यू वा अपंगत्वाचे प्रसंग सोडल्यास, पाच वर्षांच्या अखंड सेवेनंतर उत्पन्न होतो. समजा, परदेशी कंपनीने तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस शुल्क कमी पडते म्हणून दप्तरी मालक बदलला. अभियंत्याची खुर्ची तीच, काम तेच, वरिष्ठ तेच. बदलले ते केवळ वेतनचिठ्ठीच्या शिरोभागी छापलेले नाव. परंतु कायद्याच्या हिशोबी त्याने एकाची नोकरी सोडली व दुसऱ्याची धरली. सहा वर्षांनी तो बाहेर पडतो तेव्हा तीन अधिक तीन यांची बेरीज सहा होत नाही, शून्य होते. पूर्वीची सेवा नव्याने मानली जाईल असे तिघांनी लेखी मान्य केले असेल तरच तो वाचतो. नव्या संहितेने ठराविक मुदतीच्या नेमणुकीस एक वर्षाच्या सेवेनंतर प्रमाणशीर उपदान देऊ केले आहे. त्यामुळे चमत्कार असा घडतो की, ‘कायम’ म्हणून नेमलेल्या अभियंत्यापेक्षा ‘तीन वर्षांकरिता’ नेमलेला त्याचा शेजारी या बाबतीत सुस्थितीत राहतो. नेमणूकपत्र हाती पडल्यावर वेतनाचा आकडा पाहण्याची घाई सर्वांनाच असते; नेमणुकीची मुदत कशी लिहिली आहे हे फार थोडे जण वाचतात.

इतर देशांनी हा प्रश्न कसा सोडविला, हे पाहण्यासारखे आहे. पश्चिम जर्मनीत नियोजनाची मक्तेदारी सरकारी खात्याकडे होती. ती तात्पुरते मनुष्यबळ पुरविणाऱ्या संस्थांना लागू करणे हे व्यवसाय-स्वातंत्र्याच्या विरुद्ध आहे, असे तेथील घटनान्यायालयाने १९६७ मध्ये ठरविले. आणि मोकळ्या झालेल्या त्या क्षेत्राला वेसण घालण्यासाठी १९७२ चा कायदा आला. माणूस दुसऱ्याच्या कामास देणाऱ्याने परवाना घेतलाच पाहिजे, तो नसेल तर माणूस ज्याच्याकडे काम करतो त्याचाच नोकर समजावा, असा त्याचा दंडक आहे. २०१७ च्या दुरुस्तीने एकाच ठिकाणी माणूस ठेवण्यास १८ महिन्यांची मर्यादा घातली व नऊ महिन्यांनंतर समान वेतन ठरविले. सामूहिक करारांनी काही अपवाद करता येतात. जर्मन कायद्याची दृष्टी अशी की, उसने दिलेले माणूस कधीतरी परत यावे. दप्तरी मालकाच्या योजनेत परत येणे अभिप्रेतच नसते. म्हणून ती त्या चौकटीत नीट बसत नाही.

नेदरलँड्सने अधिक सूक्ष्म विचार केला. १ जानेवारी २०२० पासून अंमलात आलेल्या कायद्याने मनुष्यबळ-पुरवठादारांत दोन जाती पाडल्या. जो संस्थापक खरोखर माणूस शोधून गिऱ्हाइकाला जुळवून देतो तो एक. आणि ज्याने जुळवाजुळव केलीच नाही, केवळ गिऱ्हाइकाने निवडलेला माणूस आपल्या दप्तरात घेतला, व जो गिऱ्हाइकाच्या संमतीवाचून त्याला दुसरीकडे पाठवूही शकत नाही, तो दुसरा. या दुसऱ्याच्या नोकरास, गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या नोकरांस असतात त्याच सेवाशर्ती मिळाल्या पाहिजेत. पडदा फाडण्याच्या भानगडीत हा कायदा पडत नाही. मालक दप्तरीच राहू द्या, पण त्याच्या आडून कोणाचा खर्च वाचता कामा नये, एवढेच तो पाहतो. आजवर योजलेल्या उपायांत हा सर्वांत नेमका म्हणावा लागेल. परंतु त्याची धाव देशाच्या सीमेपर्यंतच आहे : ॲमस्टरडॅममधील दप्तरी नोकरास रॉटरडॅमच्या नोकरासारखे वागविता येईल, पुण्यातील नोकरास तसे वागवा असे म्हणणे कोणालाच अभिप्रेत नाही, किंबहुना वेतनातील तेच अंतर या सर्व उद्योगाचे भांडवल आहे.

सातत्याच्या प्रश्नापुरते पाहिले तर नमुना शोधण्यासाठी फार दूर जाण्याचे प्रयोजन नाही. महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांविषयीचा कायदा आहे. बाजारपेठेतील हमाल सकाळी एका पेढीचे पोते उतरवितो, दुपारी दुसरीचे. कोणतीच पेढी त्याला आपला नोकर म्हणवीत नसे. त्या कायद्याने मंडळे स्थापन केली. कामगाराचे नाव मंडळाच्या नोंदवहीत, पेढीचेही नाव तेथेच. पेढीने मजुरी व तिच्यावरील ठराविक टक्क्यांची लेव्ही मंडळाकडे भरावयाची. मंडळाने मजुरी कामगाराला द्यावयाची आणि लेव्हीतून त्याचा भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजा यांची तरतूद करावयाची. पेढ्या बदलल्या तरी हमालाची सेवा तुटत नाही, कारण ती पेढीशी बांधलेलीच नसते, नोंदवहीशी बांधलेली असते. माथाडी मंडळ हाही, एका अर्थाने, दप्तरी मालकच. फरक इतकाच की त्याची निवड पेढी करीत नाही आणि शुल्क कमी पडते म्हणून पेढीला तो बदलताही येत नाही. कोथरूडमधील अभियंत्याची बौद्धिक हमाली अशा नोंदवहीत बसविता येईल काय, हा प्रश्न श्रमविधीच्या अभ्यासकांनी अद्याप हाती घ्यावयाचा आहे. पहिली अडचण लेव्ही वसूल करण्याची येईल. कारण माथाडी मंडळाची पेढी मस्जिद बंदरात असते व तिला कुलूप लावून पळता येत नाही. परदेशी कंपनीचा पैसा येथे प्रथम पोहोचतो तो दप्तरी मालकाच्या खात्यात. तेव्हा लेव्ही घ्यावयाची असल्यास ती त्या खात्याच्या तोंडाशीच घ्यावी लागेल.